अडलेलं आणि गेलेलं : पक्षाघातानंतर संमोहनाचा उपयोग किती?

'अंगावरून वारं गेलं' असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. शब्दप्रयोग छान आहे, पण जागा चुकीची दाखवतो. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी गुठळीने बुजते किंवा फुटते आणि तिच्यावर पोसला जाणारा भाग काही मिनिटांत उपाशी पडतो. हात, पाय, स्नायू, सांधे सगळं जागच्या जागी असतं. त्यांना हुकूम सोडणारा गप्प झालेला असतो. पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांपैकी साधारण एकाला उरलेल्या आयुष्यात कधी तरी पक्षाघात होतो, असा जागतिक अंदाज आहे.

पहिले तीन महिने सुधारणा डोळ्यांना दिसते. आधी बोट हलतं, मग मूठ वळते, मग काठीच्या आधाराने चार पावलं पडतात. पुढे वेग मंदावतो आणि घरात एकच प्रश्न घोळू लागतो : अजून काय करता येईल? कोणी तेलाचं नाव सुचवतं, कोणी पारव्याचं मांस, कोणी सुया टोचणारा डॉक्टर. या यादीत आता वैद्यकीय संमोहनही आलं आहे. त्याची बाजू घेणाऱ्यांत न्यूरॉलॉजीचे संशोधक आहेत, तसेच इंटरनेटवर हमखास गुणाची हमी देणारेही आहेत. त्यामुळे हा विषय नेमका कुठवर आला आहे ते एकदा नीट पाहायला हवं.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. झटका आल्यानंतरच्या पहिल्या तासांत संमोहनाला काहीही काम नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या वेळी फक्त रुग्णालय. या लेखातली चर्चा त्यानंतरच्या आठवड्यांची, महिन्यांची आणि वर्षांची आहे.

संमोहन म्हणजे काय

मराठीत या शब्दात 'मोह' दडलेला आहे, आणि गॅदरिंगच्या स्टेजवर कांदा सफरचंद म्हणून खाणारा मुलगा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. दवाखान्यातला प्रकार त्यापेक्षा बराच नीरस असतो. रुग्ण खुर्चीत किंवा पलंगावर शांत पडतो. उपचारक संथ आवाजात त्याचं लक्ष श्वासावर, एखाद्या बिंदूवर किंवा आठवणीतल्या जागेवर आणतो आणि मग ठरावीक सूचना देतो. तासाभरात काम संपतं. पुष्कळदा रुग्णाला हेच घरी स्वतः करायला शिकवतात. त्याला स्वसंमोहन म्हणतात.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संमोहन विभागाने २०१४ मध्ये जी व्याख्या स्वीकारली तिचा आशय असा : लक्ष एकवटलेलं, भोवतालचं भान कमी झालेलं आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली, अशी जाणिवेची अवस्था. यात झोप नाही, बेशुद्धी नाही आणि दुसऱ्याच्या ताब्यात जाणंही नाही. ही क्षमता सगळ्यांत सारखी नसते. १९५९ पासून वापरात असलेल्या स्टॅनफर्डच्या मोजपट्टीवर दहा-पंधरा टक्के माणसं खूप वरच्या टोकाला असतात, जवळपास तेवढीच खालच्या टोकाला आणि बाकीची मध्ये.

मागची दोनशे वर्षं

सुरुवात अपकीर्तीची आहे. मेस्मर या डॉक्टरच्या, 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करण्याच्या दाव्याची चौकशी करायला फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये मंडळ नेमलं. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हाझिए होते. चुंबकत्व वगैरे काही नाही, जो परिणाम दिसतो तो कल्पनाशक्तीचा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कल्पनाशक्ती शरीरावर एवढा परिणाम करत असेल तर तीच अभ्यासाची गोष्ट आहे, हे मात्र तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

पुढचा टप्पा आपल्या देशात घडला. जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने १८४५ पासून बंगालमधल्या हुगळीत मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन मोठमोठ्या गाठी काढल्या. १८४६ मध्ये त्यांना कलकत्त्यात रुग्णालयही मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत इथर आलं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म, आणि भुलीसाठी कोणाच्या कल्पनाशक्तीची गरज उरली नाही. मँचेस्टरचे जेम्स ब्रेड यांनी याच काळात, १८४३ च्या ग्रंथात, चुंबकत्व टाकून देऊन 'हिप्नॉटिझम'ची भाषा रुजवली.

पक्षाघाताशी खरी गाठ पडली ती फ्रान्समध्ये. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी दाखवलं की संमोहित माणसाचा धडधाकट हात केवळ सूचनेने लुळा पडतो आणि हा लुळेपणा हिस्टेरियातल्या लुळेपणासारखाच दिसतो. म्हणजे मेंदूला इजा नसतानाही अवयव 'जाऊ' शकतो. नान्सी शहरातले डॉक्टर बर्नहाइम यांचं शार्कोंशी पटत नव्हतं. संमोहन हे आजाराचं लक्षण नसून सूचनेचा खेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या १८८६ च्या ग्रंथात मेंदूतल्या रक्तस्रावानंतर एक बाजू गेलेल्या रुग्णाची नोंद आहे आणि तो सूचनेने बरा झाल्याचा दावाही आहे. आजचा डॉक्टर ती नोंद वाचताना भुवया उंचावेल. त्या लक्षणांत हिस्टेरियाचा भाग किती होता, अशी शंका येतेच. पण त्यामागे बर्नहाइम यांनी मांडलेला विचार अजून शिळा झालेला नाही. मेंदूची इजा जेवढी असते त्याहून कामातला बिघाड पुष्कळदा मोठा असतो, आणि सूचनेचा काही उपयोग असेल तर तो या जादाच्या भागावर, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या मते या साऱ्या वादाची किल्ली इथे आहे. पक्षाघातानंतर काही काम कायमचं गेलेलं असतं आणि काही नुसतं अडलेलं असतं. पेशी मेल्या, तिथे सूचना कोणाला देणार? पण अडलेलं किती आणि गेलेलं किती, हे प्रत्येक रुग्णात वेगळं असतं आणि बाहेरून सहज कळत नाही.

विसाव्या शतकात संमोहनाला हळूहळू मान्यता मिळाली. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५८ मध्ये त्याचा वैद्यकीय वापर रास्त ठरवला. याच सुमारास संमोहन वापरणारे मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांचं नाव गाजू लागलं. सतराव्या वर्षी पोलिओने ते अंथरुणाला खिळले होते. पूर्वीच्या हालचाली अंगाने कशा जाणवत होत्या ते तासन्‌तास आठवत, घरातल्या तान्ह्या बहिणीचं उभं राहणं न्याहाळत आपण सावरलो, असं ते सांगत. ही कथा पक्षाघाताच्या चर्चेत हटकून निघते. ती एका माणसाने स्वतःविषयी सांगितलेली आहे, आणि पोलिओत इजा पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींना होते, हे दोन्ही लक्षात ठेवूनच ती ऐकावी.

विचाराला आधार कुठून मिळतो

'अडलेलं' हा प्रकार निव्वळ कल्पना नाही. झुरिचच्या मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्ये मांडलं की मेंदूच्या एका जागी इजा झाली की तिच्याशी जोडलेल्या दूरच्या, धड जागाही गप्प बसतात. पुढे एडवर्ड टॉब यांनी 'शिकलेला अ-वापर' दाखवला : दुबळा हात सुरुवातीला साथ देत नाही म्हणून माणूस तो वापरणंच सोडतो, आणि नंतर थोडी ताकद परत आली तरी मेंदू त्याला कामाला लावत नाही. यावरचा टॉब यांचा उपाय सरळ होता. चांगला हात बांधून ठेवायचा आणि दुबळ्याकडून कसून काम करून घ्यायचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या २२२ रुग्णांच्या प्रयोगात या उपायाचा फायदा दिसला.

मनातल्या मनात हालचाल करण्याच्या सरावालाही आधार आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २५ अभ्यास आणि ६७६ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना अशा सरावाची जोड दिली तर हाताच्या कामात सुधारणा होते, असं त्यातून निघालं. आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहत दुबळा हात हलवण्याचा उपायही याच कुळातला.

संमोहनाच्या बाजूने मेंदूची चित्रं आहेत. १९९७ मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी माणसांना कढत पाण्यात हात घालायला लावून वेदनेचा त्रासदायकपणा सूचनेने कमीजास्त केला; तसतसं मेंदूतल्या एका ठरावीक भागाचं काम बदलत गेलं. २००० मध्ये हॅलिगन, ओकली आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाचा डावा पाय सूचनेने लुळा केला आणि तो हलवायचा प्रयत्न करताना मेंदूतले कोणते भाग जागे होतात ते टिपलं. म्हणजे संमोहित माणूस ढोंग करतो किंवा उपचारकाचं मन राखतो, एवढ्यावर हा विषय झटकून टाकता येत नाही.

पण इथे तर्क घसरण्याची जागाही आहे. सूचनेने चांगला पाय बंद पडतो, म्हणून सूचनेने बंद पडलेला पाय चालू होईल, हे त्यातून निघत नाही. फ्यूज काढला की घर अंधारतं. पण खांबावरची तारच तुटली असेल तर फ्यूज कितीही नीट बसवा, दिवे लागणार नाहीत.

प्रत्यक्ष पुरावा

हात-पाय सुधारण्यासाठीचा संमोहनाचा पुरावा तुटपुंजा आहे. सर्वाधिक उल्लेख होतो तो डायमंड आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाचा. त्यात रुग्ण होते सहा. सगळे जुने होते, म्हणजे आपोआप होणाऱ्या सुधारणेचा काळ उलटून गेलेले, ही त्यातली जमेची बाजू. हाताच्या हालचालीत, ताठरपणात आणि उमेदीत बरेपणा वाटल्याचं त्यात नोंदलं आहे. तुलनेला दुसरा गट नव्हता. एवढ्या भांडवलावर कोणी 'हात उघडून देतो' म्हणत असेल तर तो कर्जाच्या पैशावर मिरवतो आहे.

खरी खळबळ वेगळ्याच दिशेने आली. डेन्मार्कमधल्या लिंडेलॉव आणि सहकाऱ्यांचा प्रयोग २०१७ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आला. विषय होता कार्यस्मृती : कोणी सांगितलेला फोन नंबर लावून होईपर्यंत डोक्यात धरून ठेवणं, मनातल्या मनात हिशेब करणं, आकडे उलट्या क्रमाने म्हणणं. मेंदूला इजा झालेल्यांत ही क्षमता फार वेळा ढासळते आणि तिच्यावरच्या उपायांचं यश आजवर जेमतेमच आहे. रुग्णांच्या इजेची कारणं वेगवेगळी होती. २७ जणांना तासातासाच्या चार बैठकांत संमोहनाखाली सूचना दिली की तुमची स्मृती इजेच्या आधीसारखी झाली आहे. २२ जणांना संमोहन तेच, पण सूचनेत स्मृतीचा विषय नाही. १९ जणांना काहीच नाही. पहिला गट दुसऱ्याच्या बराच पुढे गेला आणि तिसऱ्याच्या तर फारच. सुमारे सात आठवड्यांनी तपासलं तरी घसरण नव्हती. मग दुसऱ्या गटालाही स्मृतीच्या सूचना दिल्या, तेव्हा तोही वर चढला. शेवटी दोन्ही गट निरोगी लोकांच्या सरासरीपाशी किंवा तिच्या वर पोचले होते.

हे वाचताना आनंद आणि संशय एकदमच जागे होतात. वर्षानुवर्षांच्या पुनर्वसनाने जे साधलं नाही ते चार तासांत? लेखकांचं स्पष्टीकरण असं की सुधारणा एवढ्या झटकन झाली त्या अर्थी क्षमता मेंदूत शिल्लकच असावी. आपल्या भाषेत सांगायचं तर ती गेली नव्हती, अडली होती. इजेनंतर 'मला आता लक्षात राहत नाही' ही खूणगाठ मनाशी पक्की बसते आणि माणूस प्रयत्नच करीनासा होतो; टॉब यांच्या अ-वापराचीच ही स्मृतीतली बहीण म्हणता येईल. आक्षेप घेणारे विचारतात की चाचण्यांतला गुण म्हणजे रोजच्या जगण्यातला गुण का? आकडे उलटे म्हणता आले म्हणून गॅसवरचं दूध लक्षात राहतं का? आणि परिणाम एवढा मोठा असेल तर तो इतर ठिकाणी, इतर हातांनीही दिसायला हवा. एका प्रयोगावर अख्खं घर उभं करू नये.

वेदनेबाबत जमीन सर्वांत घट्ट आहे. २०१९ मध्ये ८५ प्रयोग आणि ३६३२ माणसं एकत्र घेतलेल्या विश्लेषणात, सूचनेला खूप प्रतिसाद देणाऱ्यांची वेदना ४२ टक्क्यांनी आणि मध्यम प्रतिसाद देणाऱ्यांची २९ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. अर्थात ही प्रयोगशाळेत मुद्दाम दिलेली वेदना होती. कण्याची इजा आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या लोकांच्या जुनाट वेदनेवर मार्क जेन्सन यांनी सिअ‍ॅटलमध्ये स्वसंमोहनाचं बरंच काम केलं आहे. पक्षाघातानंतर खांदा दुखतो, मेंदूतूनच उठणारी जळजळ असते. तिथे हे उपयोगी पडावं असा अंदाज वाजवी आहे, पण तो शेजारच्या आजारांवरून बांधलेला आहे. मनाच्या उभारीचंही तसंच. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना नैराश्य गाठतं. उदास माणूस व्यायाम टाळतो आणि हात आणखी अडतो. संमोहनाने चिंता आणि झोप सुधारली तर फायदा आडवाटेने हातापर्यंत पोचेल.

जाहिरात आणि पुरावा यांची दिशा इथे नेमकी उलटी पडते. वचन हाताचं दिलं जातं, आणि आधार आहे तो वेदनेचा, थोडाफार स्मृतीचा.

कोण काय म्हणतं

संमोहन वापरणाऱ्या डॉक्टरांची बाजू व्यवहाराची आहे. यंत्र लागत नाही, औषधांशी भांडण होत नाही, धोका थोडा. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून द्यायला काय हरकत? त्यांच्यातले सावध लोक 'जोड' या शब्दावर जोर देतात. फिजिओथेरपिस्टना विचारलं तर ते हसतील. 'काका, हात तुमचाच आहे, आधी मनात उचला, मग खरा उचला' हे त्यांचं रोजचं बोलणं आहे, आणि तीही सूचनाच.

संशय घेणाऱ्यांचा मुद्दा पद्धतीचा आहे. आपल्याला संमोहन मिळतंय की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. तुलना कशाशी केली यावर सगळं ठरतं. याचं चांगलं उदाहरण नेदरलँड्समध्ये मिळतं. मेंदूला इजा नसताना आलेल्या लुळेपणावर मुने आणि सहकाऱ्यांनी दोन प्रयोग केले. २००३ च्या प्रयोगात तुलना प्रतीक्षायादीवरच्या रुग्णांशी होती, तिथे संमोहन सरस ठरलं. २००२ च्या प्रयोगात दोन्ही गटांना रुग्णालयातले पूर्ण उपचार मिळत होते, तिथे संमोहनाची भर वेगळी दिसली नाही. मुळात अडलेपणाचाच असलेला आजार, आणि तिथेही असं.

संशय घेणारे आणखी एक दाखला देतात, तो औषधाचा. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटीन या गोळीने पक्षाघातानंतर हात-पाय सुधारतात असं २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या प्रयोगात दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ३१२७ रुग्णांचा प्रयोग आला : रोजच्या जगण्यात फरक नाही, नैराश्य थोडं कमी, हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त. सहा रुग्णांच्या अभ्यासाला किती वजन द्यायचं, हे यावरून ठरवावं असं त्यांचं म्हणणं.

तिसरी बाजू अर्व्हिंग कर्श यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांची आहे. संमोहन म्हणजे न फसवता दिलेली अपेक्षा. अपेक्षेने काम होत असेल तर तिला दोष कशाला, असा त्यांचा सूर. संमोहन ही जाणिवेची खास अवस्था आहे की भूमिका, अपेक्षा आणि कल्पना यांची बेरीज, हा हिलगार्ड आणि स्पॅनोस यांच्या नावांनी ओळखला जाणारा जुना वादही यात मिसळतो. रुग्णाला त्याच्याशी कर्तव्य नसतं. संशोधकाला असतं, कारण खास अवस्था नसेल तर तोच परिणाम साध्या कल्पना-सरावाने स्वस्तात मिळवता येईल.

संमोहनाला पुराव्याच्या जोरावर मुख्य प्रवाहात जागा मिळूच शकत नाही, असं मात्र नाही. चिडक्या आतड्याच्या विकारावर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये, ब्रेड यांच्याच मँचेस्टरात, ३० रुग्णांपासून सुरुवात केली. पुढे अभ्यास साचत गेले आणि ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत संमोहनाचं नाव आलं.

काय सुटलेलं नाही

पहिली अडचण रुग्णाच्या निवडीची. संमोहन शब्दांवर चालतं आणि डाव्या मेंदूच्या पक्षाघातात पुष्कळांची वाचा, आकलनही जातं. संमोहन उजव्या मेंदूचं काम, असा एक समज होता. किलस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एका बाजूला पक्षाघात झालेले १६ रुग्ण तपासले; डाव्या आणि उजव्या बाजूवाल्यांच्या संमोहनक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. डाव्या मेंदूचा बराच भाग गेलेला एक रुग्णही थोडाफार प्रतिसाद देत होता, कारण त्याची भाषा शाबूत होती. भाषा गेलेल्यांसाठी मार्ग कोणता, हा प्रश्न उरतोच. शिवाय काही रुग्णांना आपली एक बाजू गेल्याचं भानच नसतं. ज्याला हात गेल्याचं ठाऊक नाही त्याला हात परत येण्याची सूचना काय सांगणार?

दुसरा प्रश्न मात्रेचा : किती बैठका, कधीपासून, व्यायामाच्या आधी की नंतर. तिसरा मोजमापाचा : 'बरं वाटतं' हे मोजायचं की सदऱ्याची गुंडी लावता येते ते. आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांत दिलेला कोणताही उपाय निसर्गाच्या वेगावर स्वार होऊन यशस्वी दिसतो, ही जुनी खोट संमोहनाच्या अभ्यासांनाही लागू आहे.

आपल्याकडे

१९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या आजारांवर गुणाची जाहिरात करायला मनाई आहे त्यांच्या यादीत पक्षाघात आहे. संमोहन त्यातल्या 'औषध' आणि 'जादूचा उपाय' यांच्या व्याख्येत बसतं का, यावर वकील बोलतील. पण ही यादी करणाऱ्यांनी घरच्यांची तिसऱ्या महिन्यातली अवस्था ओळखली होती. संमोहन करणारा माणूस मुळात डॉक्टर आहे की पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, की शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला, हे पाटीवरून कळत नाही. धोका संमोहनापेक्षा त्याच्या पायी सुटणाऱ्या गोष्टींचा जास्त : रक्तदाबाच्या गोळ्या, फिजिओथेरपी, वेळेवरची तपासणी.

भारतात या प्रश्नाला आणखी एक कोन आहे. पुनर्वसनाची सोय शहरात आणि रुग्ण गावात, म्हणून घरच्यांनाच व्यायाम शिकवावेत अशी कल्पना १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवर तपासली गेली. २०१७ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. जी कल्पना कोणालाही पटेल ती मोजल्यावर टिकली नाही. ध्वनिमुद्रित स्वसंमोहन हीसुद्धा अशीच स्वस्त, घरपोच आणि चटकन पटणारी कल्पना आहे. तिची चाचणी घ्यायची तर जुने रुग्ण निवडावे लागतील, एका गटाला संमोहन आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ साधा कल्पना-सराव द्यावा लागेल, आणि गुण देणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे कळता कामा नये. सूचनाही रुग्णाच्या बोलीत लिहाव्या लागतील. 'तुमचा उजवा बाहू हलका होत आहे' हे वाक्य माणच्या आजीच्या कानाला परकं लागतं.